इंटरनेटचे जन्मवर्ष १९६९ की १९८३? आणि जनक नेमके कोण?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटरनेटचा शोध कोणी लावला याचे उत्तर एका पुस्तकात पॉल बॅरन असे दिले आहे, दुसऱ्यात विंट सर्फ आणि बॉब कान असे, तर स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकात टिम बर्नर्स-ली असे. जन्मवर्ष कुठे १९६९ आहे, कुठे १९८३. आणि अणुहल्ला झाला तरी संपर्क टिकावा म्हणून अमेरिकी लष्कराने हे जाळे उभारले, असे महाविद्यालयात शिकवले गेले आहे. यातले खरे काय? माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे राउटर (जाळ्यांमध्ये संदेश पुढे पाठवणारी यंत्रे) आणि प्रोटोकॉल (संगणकांच्या संभाषणाचे नियम) यांच्यातच गेली असल्यामुळे मी या प्रश्नाकडे, कोणी काय म्हटले यापेक्षा, कोणत्या बिघाडातून किंवा अडचणीतून कोणता निर्णय निघाला या बाजूने पाहतो, आणि त्याच बाजूने उत्तर देतो.

आपण ज्याला सरसकट इंटरनेट म्हणतो त्यात वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गरजांपोटी लागलेले किमान तीन शोध एकत्र आले आहेत: संदेशाचे तुकडे करून ते पाठवण्याची पॅकेट स्विचिंगची पद्धत, एकमेकांशी न जुळणारी जाळी जोडण्याची टीसीपी/आयपी ही रीत, आणि त्या जोडलेल्या जाळ्यावर दस्तऐवज वाचण्याची वर्ल्ड वाइड वेब ही सोय. बॅरन पहिल्याशी संबंधित आहेत, सर्फ आणि कान दुसऱ्याशी, बर्नर्स-ली तिसऱ्याशी. त्यामुळे तिन्ही पुस्तके आपापल्या परीने बरोबर असूनही विद्यार्थ्याचा गोंधळ वाढवतात. माझ्या मते इंटरनेट हे नाव काटेकोरपणे दुसऱ्या शोधालाच लागू पडते, आणि त्या शोधाचे मर्म एका निर्णयात आहे: मधल्या जाळ्याने कसलीही हमी द्यायची नाही, हमी दोन्ही टोकांच्या संगणकांनी सांभाळायची. आज हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही ठरवावे लागले असेल असे वाटतही नाही. पण त्याआधीच्या जाळ्याने नेमके उलट केले होते.

आता अणुहल्ल्याची कथा. ती सर्वस्वी खोटी नाही, पण चुकीच्या ठिकाणी चिकटवली गेली आहे. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथील रँड कॉर्पोरेशनमध्ये पॉल बॅरन १९६०च्या सुमारास खरोखरच या प्रश्नावर काम करत होते. अमेरिकेचे दूर पल्ल्याचे टेलिफोन जाळे मोजक्या मोठ्या केंद्रांवर अवलंबून होते आणि ती केंद्रे नष्ट झाली तर प्रतिहल्ल्याचा आदेश देणेही अशक्य झाले असते. बॅरन यांनी दाखवून दिले की प्रत्येक केंद्र तीन-चार शेजाऱ्यांशी जोडले आणि संदेशाचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्रपणे वाट शोधू दिली, तर जाळ्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाल्यावरही उरलेला भाग बोलू शकतो. १९६४ मध्ये हे काम अहवालांच्या मालिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले, म्हणजे त्यात गुप्त असे फारसे काही नव्हते. टेलिफोन व्यवसायावर जवळजवळ मक्तेदारी असलेल्या एटी अँड टी कंपनीने ही कल्पना चालणारच नाही असे सांगून हात झटकले. हवाई दल पुढे जायला तयार होते, पण ते काम संरक्षण खात्याच्या ज्या दळणवळण संस्थेकडे सोपवले जाणार होते तिच्याकडे डिजिटल तंत्र जाणणारी माणसे नव्हती; तिने ते बिघडवून टाकले तर कल्पनाच कायमची बदनाम होईल, म्हणून बॅरन यांनी स्वतःच ते थांबवण्याचा सल्ला दिला. अणुहल्ल्यासाठी आखलेले जाळे अशा रीतीने कधी बांधलेच गेले नाही.

त्याच सुमारास लंडनजवळ टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस यांना, बॅरन यांच्या कामाची कल्पना नसताना, जवळजवळ तीच पद्धत सुचली, आणि तीही पूर्णपणे नागरी कारणासाठी. एका मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत तेव्हा नवीन होती. माणूस एक ओळ टंकतो, मग विचार करतो, मग पुन्हा एक ओळ टंकतो. मधल्या काळात टेलिफोनची लाइन रिकामी अडकून पडते आणि तिचे पैसे मात्र मोजावे लागतात. १९६५ मध्ये डेव्हिस यांनी सुचवले की लाइन कोणा एकासाठी राखून न ठेवता सर्वांचे छोटे छोटे तुकडे तिच्यावरून आळीपाळीने जाऊ द्यावेत. पॅकेट हे नाव त्यांनीच दिले. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी त्याआधी एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेत संदेशांच्या रांगांचे गणित मांडले होते आणि ते पुढे उपयोगीही पडले. मात्र पॅकेटची मूळ कल्पना त्यात होती की नाही यावर जुन्या मंडळींमध्ये बरीच कटुता निर्माण झाली, आणि त्या वादात मी शिरत नाही.

प्रत्यक्ष जाळे उभे केले ते अर्पाने. सोव्हिएत संघाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९५८ मध्ये स्थापन केलेली ही संशोधन संस्था. तिच्या संगणक विभागाची सूत्रे १९६२ मध्ये जे. सी. आर. लिक्लायडर या मानसशास्त्रज्ञाकडे आली, आणि संगणकांचे जाळे असावे हा ध्यास त्यांनी त्या विभागाला लावला. त्यांच्यानंतर काही वर्षांनी ती खुर्ची बॉब टेलर यांच्याकडे आली. टेलर यांच्या पेंटागॉनमधील कचेरीत दूरच्या संगणकावर काम करण्याची तीन यंत्रे, म्हणजे टर्मिनल, होते: एक एमआयटीला जोडलेले, एक बर्कलीला, एक सँटा मोनिकाला. प्रत्येकाच्या आज्ञा वेगळ्या, प्रत्येकाची लॉगिनची रीत वेगळी, आणि एका ठिकाणच्या माणसाशी बोलून झाल्यावर दुसऱ्याशी बोलायचे तर खुर्ची सरकवून दुसऱ्या टर्मिनलपाशी जावे लागे. शिवाय अर्पाच्या पैशांवर चालणारे प्रत्येक विद्यापीठ स्वतःसाठी वेगळा, अवाढव्य किमतीचा संगणक मागत होते. एकाचा संगणक दुसऱ्याला दुरून वापरता यावा, हे अर्पानेटचे, म्हणजे अर्पाच्या या जाळ्याचे, घोषित कारण होते आणि तेच खरेही होते. १९६६ मध्ये टेलर यांनी हे कारण सांगूनच संचालक चार्ल्स हर्झफेल्ड यांच्याकडून दहा लाख डॉलर मिळवले. अर्पानेट अणुयुद्धासाठी नव्हते, हे हर्झफेल्ड आणि टेलर या दोघांनीही पुढे स्पष्टपणे सांगितले आहे.

जाळ्याची आखणी करण्यासाठी टेलर यांनी लॅरी रॉबर्ट्स यांना अर्पात आणले. ऑक्टोबर १९६७ मध्ये टेनेसीतील गॅटलिनबर्ग येथील परिषदेत रॉबर्ट्स यांनी आपली योजना मांडली, आणि त्याच परिषदेत डेव्हिस यांचे सहकारी रॉजर स्कँटलबरी यांनी टेडिंग्टनचे काम मांडले. बॅरन यांच्या अहवालांकडे रॉबर्ट्स यांचे लक्ष वेधले गेले ते या इंग्रज पाहुण्यांमुळे, आणि लाइनींचा वेग वाढवण्याचा आग्रहही त्यांनीच धरला. मला या प्रसंगाचे महत्त्व नेहमी जास्त वाटते, कारण बॅरन, डेव्हिस आणि अर्पा हे तीन धागे पहिल्यांदा एकत्र आले ते इथे, आणि बॅरन यांच्या कामाचा उल्लेख होताच अणुहल्ल्याची कथाही अर्पानेटला येऊन चिकटली.

विद्यापीठांचा मात्र या योजनेला विरोध होता. आपल्या संगणकाचा वेळ दुसऱ्यांचे संदेश पुढे ढकलण्यात का घालवायचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्यावर वेस्ली क्लार्क यांनी तोड सुचवली: प्रत्येक ठिकाणी मुख्य संगणकाशेजारी एक छोटा, एकसारखा संगणक ठेवावा आणि जाळ्याचे सगळे काम त्याच्यावर टाकावे. या छोट्या संगणकाला इम्प म्हणत, आणि आजच्या राउटरचा तो आजोबा. तो बनवण्याचे कंत्राट मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या बीबीएन या कंपनीला मिळाले. फ्रँक हार्ट यांच्या पथकाने हनीवेलचा डीडीपी-५१६ हा संगणक घेऊन, जेमतेम १२ हजार शब्दांच्या स्मृतीत बसेल असा प्रोग्रॅम लिहिला. लाइनी एटी अँड टीकडून भाड्याने घेतलेल्या, सेकंदाला ५० हजार बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक, माहितीचा सर्वांत लहान अंश) वेगाच्या होत्या. पहिला इम्प ऑगस्ट १९६९च्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोहोचला, दुसरा ऑक्टोबरमध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने लॉस एंजेलिसहून ‘लॉगिन’ टंकायला सुरुवात केली. एल आणि ओ ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. दोष पॅकेटांचा नव्हता: पलीकडच्या यंत्राला शब्द ओळखून उरलेली अक्षरे आपणहून पुरी करून पाठवण्याची सवय होती, आणि एका वेळी एकाहून जास्त अक्षरे येतील याची तयारी जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. तासाभराने जोडणी नीट झाली. डिसेंबरपर्यंत सँटा बार्बरा आणि युटा ही आणखी दोन ठिकाणे जोडली गेली. प्रश्नातील १९६९ हे वर्ष येते ते इथून.

पण हे इंटरनेट नव्हते, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. अर्पानेटमध्ये विश्वासार्हतेची सगळी जबाबदारी इम्पांच्या जाळ्याने स्वतःवर घेतली होती. संदेश पोहोचला की पलीकडचा इम्प तशी पोच पाठवी, आणि ती मिळेपर्यंत त्याच मार्गावरचा पुढचा संदेश रोखून धरला जाई. टोकाचा संगणक निर्धास्त असे. त्याच्यावरचा एनसीपी हा प्रोटोकॉल जाळे कधी काही हरवतच नाही असे गृहीत धरून लिहिला होता, आणि त्याला अर्पानेटबाहेरचा पत्ता लिहिण्याची सोयच नव्हती. जगात हे एकच जाळे असेल तर ही रचना उत्तम होती.

जाळ्याला शहाणे करण्याची किंमत काय असते हे २७ ऑक्टोबर १९८० रोजी दिसले. एका इम्पच्या सदोष स्मृतीमुळे त्याच्या स्थितीदर्शक संदेशाच्या क्रमांकातील एखाद-दुसरा बिट गळला आणि एकाच संदेशाच्या ४४, ४० आणि ८ अशा क्रमांकांच्या तीन आवृत्त्या जाळ्यात फिरू लागल्या. क्रमांक घड्याळासारखे गोल फिरणारे असल्यामुळे ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा ठरत होता. प्रत्येक इम्प मोठ्या निष्ठेने ‘नवीन’ माहिती शेजाऱ्यांना देत राहिला आणि अख्खे जाळे काही तास ठप्प झाले. अणुबॉम्ब पचवण्यासाठी बांधल्याची ख्याती असलेले जाळे दोन गळालेल्या बिटांनी झोपवले, हे मी नव्या अभियंत्यांना आवर्जून सांगतो. मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलांमध्ये पुढे संदेशाला वयोमर्यादा आणि तपासणी-बेरीज (मजकूर वाटेत बिघडला का हे कळावे म्हणून जोडलेला आकडा) घालण्याचा आग्रह धरला जाऊ लागला, त्यामागे हा अनुभव आहे.

अर्पानेटच्या काळातील दोन गोष्टींवरून झटकन पुढे जातो. पहिली म्हणजे आरएफसी ही टिपणांची परंपरा. टोकांच्या संगणकांचे नियम ठरवण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर पडले होते. आपण कोणाला हुकूम सोडतो आहोत असे वाटू नये म्हणून स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९च्या पहिल्या टिपणाला ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ हे अभिप्राय मागणारे विनम्र नाव दिले, आणि आजही इंटरनेटचे नियम त्याच नावाने, कोणालाही फुकट वाचता येतील असे प्रसिद्ध होतात. दुसरी म्हणजे ईमेल. बीबीएनमधील रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये, कोणी सांगितलेले नसताना, एका संगणकावरचा निरोप दुसऱ्या संगणकावरच्या पेटीत टाकण्याची सोय केली आणि माणूस व यंत्र यांच्या नावांमध्ये @ हे चिन्ह वापरले. महागडे संगणक वाटून घेण्यासाठी उभारलेल्या जाळ्यावर दोनच वर्षांत बहुतांश वाहतूक माणसांनी माणसांना लिहिलेल्या पत्रांची होती.

आता मूळ मुद्दा. बॉब कान यांनी बीबीएनमध्ये इम्पच्या रचनेत भाग घेतला होता. १९७२च्या अखेरीस ते अर्पात आले आणि त्यांच्यापुढे एकाऐवजी तीन जाळी उभी राहिली. जमिनीवरचे अर्पानेट होते, चालत्या वाहनांसाठी रेडिओवरचे पॅकेट जाळे बनत होते, आणि अटलांटिकपलीकडे जाण्यासाठी उपग्रहावरचे जाळे बनत होते. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेटने रेडिओवर पॅकेट पाठवता येतात हे दाखवून दिले होते, पण बोगद्यात शिरलेल्या गाडीचे पॅकेट हरवणार आणि उपग्रहामार्गे गेलेल्याला उशीर होणार, हे उघड होते. प्रत्येक जाळ्याचे पॅकेट वेगळ्या आकाराचे, वेग वेगळा, चुकांचे प्रमाण वेगळे. या सगळ्यांना अर्पानेटसारखेच विश्वासार्ह बनवायचे म्हटले असते तर काम कधीच संपले नसते.

कान यांनी स्वतःला घालून घेतलेल्या अटी अशा होत्या की कोणत्याही जाळ्याला जोडणीसाठी आतून बदलायला लावायचे नाही. पॅकेट पोहोचवण्याचा प्रयत्न व्हावा पण वचन नको, आणि हरवले तर मूळ प्रेषकानेच ते पुन्हा पाठवावे. दोन जाळ्यांमधल्या सांध्यावर जे यंत्र असेल त्याने कोण कोणाशी बोलत आहे याची नोंद ठेवायची नाही. आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारे मध्यवर्ती केंद्र नको. १९७३ मध्ये त्यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकवणाऱ्या विंट सर्फ यांना सोबत घेतले. मिरज स्थानकात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ येत असत. तिथे कोणीही रूळ बदलण्याचा हट्ट न धरता माल एका वाघिणीतून दुसरीत चढवला जाई, आणि मालावरची चिठ्ठी तीच राही. सर्फ आणि कान यांचा गेटवे, म्हणजे आजचा राउटर, नेमके हेच करतो: आलेल्या पॅकेटचे स्थानिक वेष्टन काढतो, आतला पत्ता वाचतो, पुढच्या जाळ्याचे वेष्टन चढवतो आणि विसरून जातो. या विसरण्यातच त्याची ताकद आहे, कारण ज्याला काही आठवत नाही तो बंद पडून पुन्हा चालू झाला तरी कोणाचे संभाषण कायमचे तुटत नाही.

हमी टोकांकडे ढकलण्याची कल्पना या दोघांनी शून्यातून काढली नव्हती. फ्रान्समध्ये लुई पूझाँ यांनी सिक्लाद नावाच्या जाळ्यात मधल्या यंत्रांना पॅकेटच्या क्रमाची व हरवण्याची चिंता करायला लावायचेच नाही असे ठरवले होते, आणि त्यांचे सहकारी जेरार ल लान हे सर्फ यांच्याबरोबर काही काळ स्टॅनफर्डमध्ये होते. पूझाँ यांचे श्रेय इंग्रजी पुस्तकांत दोन ओळींत आटोपले जाते, हे मला अन्यायाचे वाटते. फ्रान्सच्या सरकारने पुढे सिक्लादचा निधी बंद केला नसता तर हा इतिहास कदाचित फ्रेंचमध्येही लिहिला गेला असता.

सर्फ आणि कान यांचा निबंध मे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. निबंधातून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा तर प्रत्येक बिटचा अर्थ ठरवावा लागतो, आणि ते तपशीलवार टिपण, म्हणजे आरएफसी ६७५, डिसेंबर १९७४ मध्ये तीन नावांनी आले: विंट सर्फ, योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन. दलाल हे मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेऊन स्टॅनफर्डला गेलेले विद्यार्थी. टीसीपीच्या पहिल्या तपशीलवार आराखड्यावर मुंबईत शिकलेल्या अभियंत्याचे नाव आहे, हे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत का येत नाही याचे मला नेहमी नवल वाटते. संभाषण सुरू करताना तीन पॅकेटांची देवाणघेवाण करून दोन्ही बाजूंचे क्रमांक पक्के करण्याची जी रीत आम्ही रोज पॅकेट तपासताना पाहतो, तिच्यामागे ईमेलवाल्या टॉमलिन्सन यांचेच काम आहे.

त्यानंतर कागदावरची गोष्ट रस्त्यावर आली. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराजवळील महामार्गावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून निघालेली पॅकेटे रेडिओ जाळ्यातून अर्पानेटवर, तिथून उपग्रहामार्गे युरोपात, आणि परत अमेरिकेत येऊन लॉस एंजेलिसजवळच्या संगणकापर्यंत पोहोचली. तीन जाळी, कोणालाही आतून न बदलता, एकमेकांशी बोलली. जन्मतारीख द्यायचीच झाली तर मी ही देईन, जरी परीक्षेत ती चालणार नाही.

यानंतरचा एक बदल लहान दिसतो पण निर्णायक आहे. सुरुवातीला टीसीपी हा एकच प्रोटोकॉल होता: पत्ता वाचणे आणि हरवलेले परत मागवणे ही दोन्ही कामे तोच करी. डॅनी कोहेन आणि पॅकेटवरून आवाज पाठवण्याचे प्रयोग करणाऱ्या इतरांनी हरकत घेतली की, बोलताना हरवलेला शब्दाचा तुकडा उशिराने परत आणून काही उपयोग नसतो. त्यापेक्षा तो गेलेलाच बरा. म्हणून १९७८ मध्ये फक्त पत्त्यानुसार पुढे ढकलणारा आयपी वेगळा काढला गेला आणि हमी हवी असेल त्यानेच टीसीपी वापरावा असे ठरले. आज व्हिडिओ कॉलवर क्षणभर चेहरा विस्कटतो आणि संभाषण पुढे चालू राहते, ते या वाटणीमुळे.

१९८३ हे वर्ष येते ते प्रत्यक्ष बदलामुळे. अमेरिकी संरक्षण खात्याने टीसीपी/आयपी प्रमाण म्हणून स्वीकारल्यावर आरएफसी टिपणांचे संपादक जॉन पोस्टेल यांनी बदलाचे वेळापत्रक लिहिले, आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर एनसीपी बंद झाला. टाळाटाळ करणाऱ्यांची झोप उडावी म्हणून १९८२ मध्ये एनसीपी आधी एक दिवस आणि पुढे दोन दिवस मुद्दाम बंद ठेवून पाहण्यात आला होता. चालत्या जाळ्यावर प्रोटोकॉल बदलण्याचे काम ज्याने केले आहे त्याला या युक्तीचे मोल कळेल. सूचनापत्रके कोणी वाचत नाही, सेवा बंद पडली की मात्र सगळ्यांचे फोन येतात. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीत टीसीपी/आयपी अंगभूत आले आणि विद्यापीठांना ते आयते मिळाले. १९८३ मध्येच पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत मांडली. तोवर जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे एलिझाबेथ फाइन्लर यांच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील कचेरीत ठेवलेल्या एकाच फाइलमध्ये असत आणि सगळे ती उतरवून घेत.

टोकांवर भिस्त ठेवण्याच्या निर्णयाची खरी कसोटी ऑक्टोबर १९८६ मध्ये लागली. बर्कली विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचे. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला, म्हणजे जवळजवळ हजारपटीने. गर्दी झाली की राउटर पॅकेटे टाकून देत, ती हरवली म्हणून प्रत्येक संगणक पुन्हा पाठवी, त्यामुळे गर्दी आणखी वाढे, आणि जाळे पूर्ण क्षमतेने राबत असूनही उपयोगाचे असे काहीच पोहोचत नसे. त्या प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी शोधलेला उपाय असा होता की पॅकेट हरवणे हीच गर्दीची खूण समजावी, प्रेषकाने लगेच वेग कमी करावा आणि मग जपून वाढवत न्यावा. हा उपाय लागू करण्यासाठी मधल्या एकाही राउटरला हात लावावा लागला नाही. टोकांच्या संगणकांतील टीसीपी बदलला आणि जाळे सावरले. अर्पानेटच्या जुन्या रचनेत अशी दुरुस्ती करायची तर अख्खे जाळे उघडावे लागले असते.

याच दशकात टीसीपी/आयपीचा प्रतिस्पर्धी तयार होत होता, आणि तो सरकारी होता. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची ओएसआय ही सात थरांची योजना युरोपातील सरकारांना, दूरसंचार खात्यांना आणि काही काळ खुद्द अमेरिकी सरकारलाही भविष्य वाटत होती. आजही अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी हे सात थर पाठ करतो आणि नोकरीला लागल्यावर त्यातले पाचवा आणि सहावा कुठे भेटतात ते शोधत बसतो. ओएसआय समित्यांमध्ये पूर्ण होत असताना टीसीपी/आयपी फुकट मिळत होता आणि चालत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने महासंगणक केंद्रे जोडण्यासाठी एनएसएफनेट उभारताना तोच निवडला. १९८६ मध्ये सेकंदाला ५६ हजार बिटांवर सुरू झालेला त्याचा कणा, म्हणजे मुख्य वाहिनी, १९८८ मध्ये १५ लाख बिटांवर गेला. अर्पानेट १९९० मध्ये बंद करण्यात आले, आणि ३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेटचा कणाही निवृत्त होऊन वाहतूक खासगी कंपन्यांकडे गेली.

वेबबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती इंटरनेटवर चालणारी अनेक सेवांपैकी एक आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत मार्च १९८९ मध्ये प्रस्ताव मांडला, १९९०च्या अखेरीस पहिला सर्व्हर आणि ब्राउझर चालवला, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. सामान्य माणसापर्यंत इंटरनेट पोहोचले ते वेबमुळे, म्हणूनच मार्गदर्शकांत त्यांचे नाव येते. पण त्यांनी लावलेला शोध वेबचा आहे.

मूळ रचनेत राहून गेलेल्या गोष्टी आम्ही अजूनही निस्तरत आहोत. पत्त्यासाठी ३२ बिट ठेवले गेले, म्हणजे सुमारे ४३० कोटी पत्ते. प्रयोगासाठी ते भरपूर होते, पण जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची सोय आयपीमध्ये ठेवलीच गेली नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये एका विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने (आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने) हजारो संगणक ठप्प केले, तेव्हा जाळ्यावरच्या सुरक्षेच्या उणिवांची पहिली मोठी जाणीव झाली.

भारतात इंटरनेट कधी आले, अशीही विचारणा आहे. इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये अर्नेट हा शिक्षण व संशोधन संस्था जोडण्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात दिल्लीतील खाते, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, तेव्हाच्या पाच आयआयटी आणि मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, यांचा सहभाग होता. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमाणी हे या कामाच्या अग्रभागी होते. सुरुवातीला डायल करून ईमेलची पोती हलवली जात. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात सेकंदाला ९,६०० बिटांची लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याची कायम जोडलेली लाइन, आली, आणि १९९२ मध्ये मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत ६४ हजार बिटांचा दुवा जोडला गेला. गंमत म्हणजे अर्नेटच्या कण्यावर काही वर्षे टीसीपी/आयपी आणि ओएसआय हे दोन्ही शेजारी शेजारी चालवले जात होते. कोण जिंकेल याची खात्री इथेही नव्हती. विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

परीक्षेपुरते सांगायचे तर अर्पानेटसाठी १९६९, टीसीपी/आयपीच्या निबंधासाठी १९७४ व अंमलबजावणीसाठी १९८३, आणि वेबसाठी १९८९ लिहावे. ‘भारतात सर्वसामान्यांसाठी’ असे विचारले असेल तर १९९५ हे उत्तर बरोबर ठरते. ‘सर्वसामान्यांसाठी’ हा शब्द प्रश्नात नसेल, तर अर्नेटचा उल्लेख केल्याशिवाय उत्तर पुरे समजू नये.